बरोबरी सुटली तर पेनल्टी शूटआउट घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही १४ वर्षांखालील मुलांची फुटबॉल स्पर्धा भरवता. यंदा उपांत्य सामना १-१ असा बरोबरीत सुटला, शूटआउट झालं, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी किक मारल्या, आणि सामनाभर वरचढ खेळलेला संघ बाहेर पडला. शेवटची किक चुकवणारा मुलगा तेव्हापासून सरावाला आलेला नाही. ही पद्धतच अन्यायाची आहे, ती बंद करा, असं पालकांचं म्हणणं आहे. समितीत दोन तट पडलेत. शूटआउटने निकाल लावणं योग्य आहे का, आणि नसेल तर दुसरं काय करता येईल, असं तुम्ही विचारता.

मी बरीच वर्षं गोलकीपरना शिकवतो आणि याच वयाच्या मुलांचे संघही सांभाळले आहेत. माझं मत आधीच सांगतो. बाद फेरीत कुणीतरी पुढे जायलाच हवं, तिथे शूटआउट ठेवा, पण मुलांसाठी त्याचं रूप बदला. अंतिम सामन्यात तुमच्या वयोगटाला त्याची गरज नाही. मोठ्यांच्या स्पर्धेबद्दल विचारलं असतंत तर उत्तर थोडं वेगळं आलं असतं. खेळाडूंचं वय, दोन सामन्यांमध्ये मिळणारा वेळ, मैदान किती वाजेपर्यंत हातात आहे, संघात बदली खेळाडू किती, या सगळ्यावर ते अवलंबून असतं.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक न्यायाचा: चांगला खेळणारा संघ असा बाहेर जावा का? दुसरा ओझ्याचा: अकरा जणांच्या खेळाचा शेवट एका पोराच्या पायावर का यावा? पालक बोलतात पहिल्याबद्दल, पण त्यांना लागलेलं असतं ते दुसरं. म्हणून दोन्ही वेगळे घेतो.

न्यायाचं आधी बघू. नियमपुस्तकाप्रमाणे शूटआउटने सामन्याचा स्कोअर बदलत नाही. १-१ असेल तर १-१ च राहतो. पुढच्या फेरीत कोण जाणार किंवा चषक कोण नेणार, एवढंच त्या किक ठरवतात. त्यात मारलेला गोल खेळाडूच्या गोलसंख्येत धरत नाहीत. सामन्यात मिळालेली ताकीदही शूटआउटमध्ये पुढे मोजली जात नाही. २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात ३-३ असाच नोंदला गेला, शूटआउटचे ४-२ बाजूला वेगळे लिहितात. ‘चांगला संघ कोणता’ हे शूटआउटवरून कळतं, असा दावा नियम करणाऱ्यांनीही कधी केलेला नाही. स्पर्धेआधी पालकांना एवढं जरी नीट सांगितलं तरी अर्धा राग निवळतो, हा माझा अनुभव आहे.

‘आम्ही वरचढ होतो’ ही तक्रार खोटी असते असं मी म्हणणार नाही. पण फुटबॉलमध्ये गोल मुळातच कमी होतात. चेंडू जास्त वेळ स्वतःकडे ठेवणारा, दोनदा पोस्टला मारणारा संघ नियमित वेळेतही एका कॉर्नरवर ०-१ ने हरतो आणि तेव्हा नियम बदला असं कुणी म्हणत नाही. तुमच्या सामन्यातल्या वरचढ संघाला दुसरा गोल करायला पूर्ण वेळ मिळाला होता.

न्यायाच्या बाजूने एक आक्षेप मात्र खरा आहे. दुबळा संघ दहा जण मागे ठेवून सामना शूटआउटपर्यंत ओढत नेऊ शकतो. १९९१ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात रेड स्टार बेलग्रेडने मार्सेलविरुद्ध असाच सावध खेळ केला, १२० मिनिटं ०-० राहिली आणि शूटआउट त्यांनी ५-३ ने जिंकलं. पण शूटआउट काढल्याने ही वृत्ती जात नाही. समोर पुनर्सामना असता तरी तो संघ मागेच बसला असता.

शूटआउटच्या आधी काय होतं, तेही बघा. १९५४ च्या विश्वचषकासाठी स्पेन आणि तुर्कस्तान यांच्यातला पात्रतेचा निकाल रोममध्ये डोळे बांधलेल्या एका मुलाने चिठ्ठी उचलून लावला. स्पेन घरी राहिला. १९६५ मध्ये लिव्हरपूल आणि कोलोन यांच्यात दोन सामने आणि रॉटरडॅमचा तिसरा, असे तिन्ही बरोबरीत सुटल्यावर पंचांनी दोन रंगांची चकती उडवली. पहिल्यांदा ती चिखलात उभीच रुतली, म्हणून पुन्हा उडवावी लागली. १९६८ च्या युरोपियन स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा नेपल्समधला उपांत्य सामना नाणेफेकीवर गेला. इटली पुढे गेली आणि अजिंक्यही ठरली. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये इस्रायलचा संघ बल्गेरियाविरुद्ध चिठ्ठीवर बाहेर पडला आणि इस्रायलच्याच योसेफ डगन यांनी पेनल्टी किकच्या पद्धतीचा आग्रह धरला. १९७० मध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळाने ती मान्य केली. चिठ्ठी उचलताना खेळाडूच्या हातात काहीच नसतं. शूटआउटमध्ये निदान चेंडू त्याच्या पायाशी असतो आणि समोर गोलकीपर असतो.

पुनर्सामना हा सगळ्यात न्याय्य मार्ग आहे, हे मी मान्य करतो. पण तो परवडत नाही. १९७१ मध्ये इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेच्या पात्रता फेरीत अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांना एका निकालासाठी सहा सामने, म्हणजे ११ तास खेळावं लागलं. त्याच एफए कपने २०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांतले पुनर्सामने बंद केले. तुमच्याकडे शनिवार-रविवारचं मैदान आणि सोमवारी शाळा. तो विषय तिथेच संपतो.

गोल्डन गोल तुमच्या समितीतल्या कुणाला तरी नक्की सुचला असेल. जादा वेळेत पहिला गोल झाला की खेळ खलास. १९९६ च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना बिअरहॉफच्या अशाच गोलने जर्मनीने जिंकला, २००० चा त्रेझेगेच्या गोलने फ्रान्सने. कागदावर कल्पना सुरेख होती, संघ गोलसाठी धावतील अशी. मैदानावर मात्र बरेचसे संघ आणखी सावध झाले, कारण एक चूक म्हणजे थेट घर. मग जादा वेळेच्या पहिल्या सत्राअखेर पुढे असलेला संघ जिंकेल, असा सिल्व्हर गोल आणला. २००४ मध्ये ग्रीसने चेक प्रजासत्ताकाला उपांत्य फेरीत तसं हरवलं आणि त्याच वर्षी दोन्ही प्रकार गुंडाळले गेले. मुलांच्या बाबतीत तर गोल्डन गोलमध्ये ओझं हलकं होत नाही. ते किक चुकवणाऱ्याऐवजी शेवटच्या बचावपटूवर किंवा गोलकीपरवर जातं.

बाकीचे पर्याय भरभर सांगतो. कॉर्नर मोजून निकाल लावला तर मुलं गोलऐवजी कॉर्नर मिळवायला खेळतील. दर काही मिनिटांनी एकेक खेळाडू कमी करत नेलं तर उरलेल्यांची दमछाक होऊन दुखापती वाढतील. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये १९९६ ते १९९९ या काळात खेळाडू ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन निघायचा आणि पाच सेकंदांत त्याला गोल करावा लागायचा. बघायला मजा यायची आणि त्यात फुटबॉलचं कसबही जास्त लागतं. पण धावत येणारा पोरगा आणि त्याच्या पायांवर झेपावणारा गोलकीपर यांची टक्कर मला या वयात नको आहे. शूटआउट आधी घ्यायचं, मग जादा वेळ खेळायचा, आणि त्यातही बरोबरी राहिली तरच त्या शूटआउटचा निकाल धरायचा, ही कल्पना मला सगळ्यांत आवडते. त्यात किक चुकवणाऱ्याला चूक भरून काढायला अर्धा तास मिळतो आणि एका संघाला गोल करावाच लागतो. मोठ्यांच्या एखाद्या स्पर्धेने ती करून बघावी असं मनापासून वाटतं. तुमच्याकडे मात्र एकाच दिवशी दोन सामने खेळणाऱ्या मुलांना जादा वेळच नको.

आता ‘शूटआउट म्हणजे लॉटरी’ या वाक्याबद्दल. ते मला मुळीच पटत नाही. चेंडू ११ मीटरवर, गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. जोरात मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत रेषेवर पोचतो. चेंडू निघाल्यावर बघून झेप घेऊ म्हणणारा गोलकीपर कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मी मुलांना किक मारणाऱ्याचा टेकलेला पाय बघायला शिकवतो. चेंडूशेजारी रोवलेल्या पायाचा चवडा कुठे वळलाय आणि कंबर कितपत उघडली आहे, यावरून दिशेचा अंदाज येतो, पण अगदी शेवटच्या क्षणी. तोवर हलायचं नाही आणि एका पायाचा काही भाग तरी रेषेवर किंवा रेषेच्या वर हवाच. हलायचं नाही, हेच सगळ्यांत अवघड. बार-एली या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २८६ पेनल्टी तपासल्या तेव्हा साधारण २९ टक्के किक मध्यभागी आल्या होत्या, पण गोलकीपर मध्ये थांबले फक्त ६ टक्क्यांच्या आसपास. झेप घेऊन गोल खाल्ला तर प्रयत्न दिसतो, उभं राहून खाल्ला तर लाज वाटते. ती लाज सरावाने कमी होते आणि कमी झाली की अडवलेल्या किक वाढतात.

वरच्या पातळीवर तर ही तयारी उघड दिसते. २०१४ मध्ये नेदरलँड्सचे प्रशिक्षक व्हान गाल यांनी कोस्टारिकाविरुद्ध १२० व्या मिनिटाला खास शूटआउटसाठी टिम क्रुलला गोलमध्ये आणलं. त्याने दोन किक अडवल्या. २०२४ च्या युरोमध्ये इंग्लंडचा गोलकीपर पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर स्वित्झर्लंडच्या खेळाडूंची माहिती चिकटवलेली होती आणि अकांजीची किक त्याने अडवली. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीचा गोलकीपर लेमनने मोज्यातून चिठ्ठी काढली, ती वाचताना त्याला अर्जेंटिनाच्या कांबियासोने पाहिलं, आणि किक अडवली गेली. त्या चिठ्ठीत कांबियासोचं नावच नव्हतं. जर्मनीने विश्वचषकातली आपली चारही शूटआउट्स जिंकली आहेत.

नशिबाचा भाग नाही असं मी म्हणत नाही. पहिली किक कोण मारणार हे नाणेफेकीने ठरतं. पालासिओस-उएर्ता या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात आधी मारणारा संघ साधारण ६० टक्के वेळा जिंकलेला दिसला. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत हा फायदा बराच कमी निघाला. तरी त्यामुळेच २०१७ पासून अ-ब-ब-अ असा क्रम (आधी एका संघाची एक किक, मग दुसऱ्याच्या लागोपाठ दोन, मग पुन्हा पहिल्याची) काही स्पर्धांत आजमावून बघितला गेला आणि गुंतागुंतीचा वाटल्याने २०१८ च्या शेवटी सोडून दिला. तुमच्या समितीला हवा असेल तर तुम्ही तो वापरू शकता. पंचांना दोन मिनिटांत समजतो.

म्हणजे न्यायाच्या प्रश्नावर माझं उत्तर असं: हा मार्ग अपुरा आहे, पण हातात असलेल्या मार्गांत सगळ्यांत चांगला आहे आणि त्यात सरावाला किंमत आहे.

दुसऱ्या प्रश्नावर, ओझ्याच्या, मी पालकांच्या बाजूचा आहे. १९९४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना बघा. ब्राझील आणि इटली, ०-० नंतर शूटआउट. बॅजिओने चेंडू बारवरून मारला आणि तो क्षण त्याला आयुष्यभर चिकटला. बाद फेरीतल्या तीन सामन्यांत पाच गोल करून इटलीला तिथपर्यंत आणलं होतं ते त्यानेच. त्याच शूटआउटमध्ये बरेसी आणि मासारो यांच्या किकही वाया गेल्या होत्या. आणि बॅजिओने गोल केला असता तरी ब्राझीलची पाचवी किक अजून बाकी होती. एवढं असून ‘बॅजिओने विश्वचषक घालवला’ असंच लोक म्हणतात. जो शेवटी चुकतो तो एकटाच चुकला, असं डोळ्यांना वाटतं. २०२१ च्या युरो अंतिम सामन्यानंतर शूटआउटमध्ये किक चुकलेले इंग्लंडचे रॅशफर्ड, सांचो आणि १९ वर्षांचा साका यांना वंशद्वेषी शिव्या खाव्या लागल्या. मोठ्यांना हे सोसावं लागतं, तर १३ वर्षांच्या मुलाचं काय होत असेल?

नियमातच एकटेपणा आहे. मारणारा आणि दोन गोलकीपर सोडून बाकी सगळ्यांनी मधल्या वर्तुळात थांबायचं. त्यामुळे तीस-चाळीस मीटरची ती चाल एकट्याची, आणि चुकवून परत येतानाची त्याहून लांब वाटते. मी सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, मुलांना हीच चाल चालायला लावतो. वर्तुळातून निघायचं, घाई नाही. चेंडू स्वतःच्या हाताने ठेवायचा, नेहमीची पावलं मागे यायचं, शिट्टी ऐकायची, एक श्वास घ्यायचा आणि मग धावायचं. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनीही हेच दाखवलं आहे, की शिट्टी वाजताच उरकून टाकणारे खेळाडू जास्त चुकतात. आणखी एक गोष्ट मी करतो. मारणाऱ्याचा स्वतःचा गोलकीपर नियमाप्रमाणे गोलरेषेवर, पेनल्टी क्षेत्राच्या कडेला उभा असतो. त्या क्षणी जवळचा सोबती तोच. तर शक्य असेल तेव्हा चेंडू त्यानेच उचलून आपल्या खेळाडूच्या हातात द्यायचा आणि एक शब्द बोलायचा, कुठलाही. मुलांवर याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. खांदे खाली येतात.

आता तुमच्या स्पर्धेसाठी. साखळी फेरीत बरोबरी ही बरोबरीच राहू द्या, एकेक गुण वाटा. अंतिम सामना बरोबरीत सुटला तर दोघांना संयुक्त विजेते करा. चषक सहा-सहा महिने वाटून घेता येतो आणि पुढे जाण्याची अडचण तिथे नसते. उपांत्य आणि उपांत्यपूर्व सामन्यांत जादा वेळ न घेता थेट किक घ्या, पण नेहमीसारख्या पाचजणांच्या नव्हे. मैदानावर असलेल्या प्रत्येक मुलाने, गोलकीपरसकट, एकेक किक मारायची आणि शेवटी बेरीज करायची. निकाल मध्येच स्पष्ट झाला तरी सगळ्यांच्या किक पूर्ण होऊ द्यायच्या. अकरातल्या दोघा-तिघांच्या तरी चुकतातच, त्यामुळे बोट दाखवायला एक मुलगा उरत नाही. बेरीजही सारखी आली तर मात्र एकेक किकची नेहमीची पद्धत घ्यावी लागेल, ते टळत नाही. मारून परतणाऱ्याला घ्यायला एका सोबत्याला वर्तुळाबाहेर येऊ द्या, असं पंचांना आधीच सांगून ठेवा. माइकवरून नावं पुकारू नका. आणि हे सगळं प्रवेशअर्जावर लिहा, म्हणजे सामन्याच्या दिवशी वाद होणार नाही.

माझ्या ओळखीच्या काही प्रशिक्षकांना हे पटत नाही. मुलांना दबावाची सवय कधीतरी व्हायलाच हवी, असं ते म्हणतात. सवय व्हावी, मलाही वाटतं. पण ती सरावात, पुन्हापुन्हा आणि चुकायची मुभा असताना होते. वर्षातून एकदा, सगळ्या गावासमोर मारलेल्या एका किकने मुलांना सवय होत नाही, धास्ती बसते.

राहिला तो मुलगा. त्याच्या प्रशिक्षकाने फोन न करता स्वतः जाऊन भेटावं. सोबत पंचांच्या नोंदीचा कागद न्यावा आणि किक एकेक करून त्याच्यासमोर वाचाव्यात. शेवटच्या किकवर संघ हरला म्हणजे एक तर त्याच्या आधी आणखी कुणाची तरी चुकली होती, नाहीतर समोरच्या संघाने आपली एकही चुकवली नव्हती. दोन्हींत तो एकटा कारण ठरत नाही, आणि या वयाच्या मुलाला हे आकड्यांत समजतं, नुसत्या ‘असू दे’ ने समजत नाही. त्याने पुढच्या वेळी मारायलाच हवी असा हट्ट मात्र प्रशिक्षकाने धरू नये. तो सरावाला आला की पहिले काही दिवस पेनल्टीचा सराव ठेवू नका. त्याला त्याच्या नेहमीच्या जागेवर खेळवा. पुन्हा किक मारायची तर तो स्वतः चेंडू मागेल तेव्हाच द्या.